जयपूरच्या रस्त्यांवरचे मृत्यू: आकडे काय सांगतात आणि कुटुंबाने काय करावे

२० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे एलपीजीचा टँकर दुभाजकाच्या मोकळ्या जागेतून वळत होता. समोरून येणाऱ्या ट्रकने त्याला धडक दिली. टँकरमधून गॅस गळला, तो रस्त्यावर पसरला आणि पेटला. तीसहून अधिक वाहने जळाली. मृतांचा आकडा पुढच्या काही दिवसांत वाढत गेला आणि दीड डझनाच्या पुढे गेला. ३ नोव्हेंबर २०२५ रोजी जयपूरच्याच हरमाडा भागात, लोहा मंडी रस्त्यावर, भरधाव डंपरने एकामागून एक अनेक वाहनांना धडक दिली. तिथे बाराहून अधिक माणसे गेली. चालक दारूच्या नशेत असल्याचा आरोप झाला.

या दोन्ही बातम्या तुम्ही पाहिल्या असतील. मात्र रस्त्यावरचे बहुतेक मृत्यू अशा मोठ्या घटनांमध्ये होत नाहीत. ते एकेकटे होतात आणि त्यांची बातमी होत नाही. दुचाकीवरून कामावरून परतणारा माणूस, रस्ता ओलांडणारी बाई, हातगाडी ढकलणारा मजूर असा एखादाच जीव जातो. त्या घरात पुढे काय होते हे बऱ्याचदा कागदांवर ठरते. म्हणून या लेखात दोन गोष्टी पाहू: रस्त्यावर माणसे कशी आणि का मरतात, आणि तसे झाल्यास तुमच्यासाठी कोणत्या तरतुदी आहेत.

आकडे कसे वाचावेत

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय दर वर्षी पोलिसांच्या नोंदींवरून अहवाल काढते. २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दर तासाला १९ मृत्यू. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत जखमी माणूस दगावला, तर तो मृत्यू या आकड्यात धरला जातो.

राजस्थानात त्या वर्षी २३,६१४ अपघात आणि ११,१०४ मृत्यू नोंदले गेले. तमिळनाडूत अपघात ६४,१०५ होते, म्हणजे राजस्थानच्या जवळपास पावणेतीन पट. मृत्यू मात्र १७,८८४, म्हणजे दीडपटीहून थोडे जास्त. दर १०० अपघातांमागे किती माणसे मेली ते पाहिले की फरक स्पष्ट होतो:

- राजस्थान: ४७
- महाराष्ट्र: जवळपास ४६
- संपूर्ण देश: ३६ ते ३७
- तमिळनाडू: २८
- केरळ: सुमारे १०

याचा एक अर्थ असा की राजस्थानात आणि महाराष्ट्रात अपघात झाला तर तो जीवघेणा ठरण्याची शक्यता जास्त आहे. लांब, सरळ आणि वेगवान महामार्ग, त्यावर अवजड वाहने आणि दोन मोठ्या रुग्णालयांमधले अंतर, ही त्याची कारणे दिसतात. दुसरा अर्थही ध्यानात घ्या. केरळमध्ये किरकोळ अपघातही ठाण्यात नोंदवण्याची सवय आहे. जिथे 'आपसात मिटवून टाकू' म्हणून लहान अपघात नोंदवलेच जात नाहीत, तिथे नोंदीत फक्त मोठे अपघात उरतात आणि हे प्रमाण फुगते. ही नोंद न करण्याची सवय आकड्यांपेक्षा तुमचे नुकसान जास्त करते. ते कसे, ते पुढे येईल.

कोणाचा जीव जातो

रस्ते अपघात म्हटले की डोळ्यांसमोर मोटारी येतात. पण २०२२ मध्ये देशात मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होते आणि १९.५ टक्के पायी चालत होते. म्हणजे १०० पैकी ६४ माणसांच्या अंगाभोवती पत्र्याचे कवचसुद्धा नव्हते. सुमारे दोन तृतीयांश मृत १८ ते ४५ या वयाचे होते. घरात कमावणारा बहुधा याच वयाचा असतो. म्हणून रस्त्यावरचा मृत्यू हा घराचे उत्पन्न थांबवणारा मृत्यू असतो, आणि ज्या घरात साठवण नाही त्या घराला तो सर्वांत जास्त लागतो.

हेल्मेट नसलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा त्या वर्षी मृत्यू झाला. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते. 'मी थोडीच चालवते आहे' असे म्हणून मागे बसणारी व्यक्ती हेल्मेट घालत नाही. जमिनीवर डोके आपटताना पुढचा आणि मागचा असा फरक राहत नाही.

आणखी एक आकडा तुमच्या हक्कांशी थेट जोडलेला आहे. २०२२ मध्ये ३०,४८६ मृत्यू अशा अपघातांत झाले, ज्यांत धडक देणारे वाहन पळून गेले. म्हणजे दर १०० मृत्यूंमागे १८. या घरांना वाटते की वाहनच सापडले नाही, तर मागायचे कोणाकडे? त्यांच्यासाठी स्वतंत्र योजना आहे. तीही पुढे दिली आहे.

का जातो

सरकारी अहवालात सर्वांत मोठे कारण वेग आहे. २०२२ मधले ७१.२ टक्के मृत्यू या एका रकान्यात आहेत. दारू किंवा अमली पदार्थांच्या रकान्यात २.५ टक्के. पण हे रकाने अपघातानंतर पोलीस भरतात. चालक पळून गेला असेल तर त्याने दारू प्यायली होती की नाही हे तपासणार कसे? आणि वळण चुकीचे बांधलेले होते, दिवा बंद होता, दुभाजक मधूनच फोडलेला होता, ही कारणे नोंदवण्यापेक्षा 'वेग' लिहिणे सोपे जाते. म्हणून ७१ टक्के याचा अर्थ 'बाकी सगळे ठीक आहे' असा घेऊ नका.

वेग जीव घेतो हे मात्र खरेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. मोटारीच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरच्या तुलनेत ६५ किलोमीटरला साडेचार पट असतो. फरक फक्त पंधरा किलोमीटरचा.

अहवालातली आणखी एक गोष्ट अनेकांना चकित करते. देशातले सुमारे ६७ टक्के अपघात सरळ रस्त्यावर होतात. घाटात, वळणावर माणूस सावध असतो. सरळ रस्त्यावर पाय पेडलवर दाबला जातो, डोळा लागतो, आणि समोर अचानक विना-रिफ्लेक्टरचा ट्रॅक्टर, उभा ट्रक किंवा गुरे येतात. दिवसाच्या वेळांत संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ सर्वांत वाईट. तेव्हा उजेड कमी झालेला असतो, रस्ते भरलेले असतात आणि सगळेच घरी जायच्या घाईत असतात. जयपूरच्या थंडीत पहाटेचे धुके त्यात भर घालते.

भांकरोटा आणि हरमाडा या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. हरमाड्यात प्रश्न अवजड वाहन कोणाच्या हाती दिले होते हा आहे. भांकरोट्यात प्रश्न वेगवान महामार्गावर अवजड वाहनाने दुभाजकाच्या 'कट'मधून वळावे, अशी वेळच का आली हा आहे. एकाचे उत्तर चालक आणि मालकाकडे, दुसऱ्याचे रस्ता बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या यंत्रणेकडे. भांकरोट्यातला रस्ता राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. हाच रस्ता पुढे मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर असा जातो. पुण्यातला नवले पूल याच रस्त्यावर आहे. तिथला लांब उतार आणि त्यावर ताबा सुटणारे ट्रक मराठी वाचकांना सांगायला नकोत. एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसे मरत असतील तर दर वेळी चालकाचेच नशीब फुटके होते असे म्हणता येत नाही.

मराठीत 'अपघात' या शब्दाला नशिबाचा वास आहे. 'तेवढेच आयुष्य होते' असे आपण म्हणतो. शोकात असे म्हणावेसे वाटते आणि त्यात गैर काही नाही. पण कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरच्या मृत्यूला कारण असते, जबाबदार असतो आणि भरपाई असते.

पहिला तास: उपचाराचे पैसे कोण देणार

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला मोटार वाहन कायद्यात 'सुवर्ण तास' म्हटले आहे. या तासात योग्य उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. कायद्यात या काळातल्या विनारोकड उपचारांची तरतूद होती, पण योजना बनत नव्हती. ८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला ती करण्याचा आदेश दिला. ५ मे २०२५ पासून 'रस्ते अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचार योजना, २०२५' लागू झाली.

तुमच्यासाठी तिच्यातल्या महत्त्वाच्या गोष्टी:

- मोटार वाहनामुळे कोणत्याही रस्त्यावर झालेल्या अपघाताला ती लागू आहे. महामार्गच हवा असे नाही.
- प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत.
- उपचार नेमलेल्या रुग्णालयात. जवळचे रुग्णालय यादीत नसेल तरी प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार तिथे होतात.
- तुम्ही कोणत्या राज्याचे, शिधापत्रिका कोणत्या रंगाची, हे इथे पाहिले जात नाही.

म्हणून रुग्णालयात पहिले वाक्य असे बोला: "हा रस्ते अपघाताचा रुग्ण आहे, विनारोकड योजनेत नोंद करा." तुम्हाला 'आधी पैसे भरा' असे सांगितले गेले तर ११२ वर कळवा. अपघाताची माहिती पोलिसांकडे गेली आहे ना, हे घरातल्या एकाने पाहावे. पोलिसांच्या पडताळणीशिवाय ही योजना पुढे सरकत नाही. तातडीचे क्रमांक: ११२ सर्वांसाठी, १०८ रुग्णवाहिकेसाठी, १०३३ राष्ट्रीय महामार्गावर.

सात दिवसांनंतर किंवा दीड लाखानंतर काय? राजस्थानची 'मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य योजना' पात्र कुटुंबाला वर्षाला २५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते, पण त्यासाठी जन आधार लागते. तुमच्याकडे महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड असेल तर ते दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही दाखवता येते. त्याची मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपये.

मदत करणारा अडकत नाही

'नको रे बाबा, पोलिसांचे लफडे होईल' या भीतीने जखमीजवळ कोणी थांबत नाही. ही भीती जुनी आहे. कायदा आता तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही किंवा जखमीच्या उपचारांचे पैसे मागू शकत नाही.

केंद्राच्या 'राहवीर' योजनेत गंभीर जखमीला सुवर्ण तासात रुग्णालयात पोहोचवून त्याचा जीव वाचवण्यास मदत करणाऱ्याला २५,००० रुपये दिले जातात. बक्षीस हवे असेल तर नाव नोंदवावे लागते. नको असेल तर नाव न सांगता निघून जाण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

मृत्यू झाला तर: चार वेगळे मार्ग

इथे बहुतेक घरांची गल्लत होते. 'सरकारकडून पैसे मिळतात' असे ऐकलेले असते, पण कोणते, कोठून आणि कोणत्या कागदावर हे माहीत नसते. हे चार मार्ग वेगवेगळे आहेत.

१. वाहन सापडले आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करा. दोन पर्याय असतात. कलम १६४ नुसार चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. कलम १६६ नुसार समोरच्याची चूक दाखवून मोठी भरपाई मागता येते. मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांवर ती ठरते. पगाराची चिठ्ठी नाही म्हणून दावा बुडत नाही. मजुराची कमाई किमान वेतनावरून धरता येते. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामालाही किंमत आहे आणि तिच्या मृत्यूनंतर तिचे उत्पन्न धरून भरपाई काढली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. कायद्यात दाव्याची मुदत सहा महिन्यांची आहे. ती उलटू देऊ नका.

२. वाहन पळून गेले. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये भरपाई आहे. अर्ज जिथे अपघात झाला तिथल्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदाराकडे करायचा. मंजुरी जिल्हाधिकारी पातळीवर होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये सांगितले आहे की महिनाभरात वाहनाचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी कुटुंबाला या योजनेची लेखी माहिती द्यावी. तसे पत्र आले नसेल तर ठाण्यात जाऊन मागा. पुढे वाहन सापडले आणि न्यायाधिकरणाकडून भरपाई मिळाली, तर ही रक्कम परत करावी लागते.

३. स्वतःची गाडी घसरली, दुसरे वाहन नव्हते. इथे समोर कोणी नाही. पण गाडीच्या मालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा आवश्यक केलेला आहे. गाडीचा विमा चालू असेल, त्यात हा भाग घेतलेला असेल, गाडी मृताच्या नावावर असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल, तर कुटुंबाने विमा कंपनीकडे तो मागावा. अनेक घरांत ही पॉलिसी कपाटातच पडून राहते.

४. बँकेतला विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपयांचे संरक्षण आहे. वय १८ ते ७० वर्षे. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास दोन लाख. त्यासाठी वय १८ ते ५० वर्षे. जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो, पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड वापरलेले असावे लागते. हे विमे पहिल्या तीन मार्गांशी स्पर्धा करत नाहीत. ते वेगळे मिळतात. सुरक्षा विम्याचा दावा शक्यतो ३० दिवसांत बँकेत द्या.

मराठीत या सगळ्यांसाठी एकच शब्द वापरला जातो, 'लाभार्थी'. या मजकुराचे मराठी करताना तो शब्द मला जड गेला. नवरा गेल्यावर दोन लाखांचा अर्ज घेऊन रांगेत उभी असलेली बाई कोणत्या अर्थाने लाभार्थी? फॉर्मवर तो शब्द असेल तर असू द्या. तुम्ही मागत आहात तो हक्क आहे.

बाहेरगावहून आलेल्यांनी हे नीट वाचावे

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदीच्या गलाईच्या कामासाठी माणसे देशभर गेली आहेत. नोकरी, शिक्षण, बांधकाम अशा कारणांनीही मराठी माणसे जयपूरला येतात. अशा घरात मृत्यू झाला की पहिली घाई असते देह गावी नेण्याची. ती समजण्यासारखी आहे. पण शवविच्छेदन न करता आणि पोलीस नोंद न होता देह गावी नेला, तर वरचे जवळपास सगळे मार्ग बंद होऊ शकतात. मृत्यू अपघातानेच झाला हे नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते. काही तास थांबावे लागले तरी थांबा.

कोणती गोष्ट कुठे करायची, हे असे लक्षात ठेवा:

- जिथे अपघात झाला तिथे: पोलीस नोंद, शवविच्छेदन, अज्ञात वाहनाच्या भरपाईचा अर्ज.
- अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता तिथेही: न्यायाधिकरणातला दावा. म्हणजे विधवा पत्नी गावी राहत असेल तर तिला दर तारखेला जयपूरला यावे लागत नाही. तिच्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो.
- जिथे खाते आहे तिथे: बँकेतले विमे.
- गावी शेती असेल तर: महाराष्ट्राच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेबद्दल तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच विचारा. शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी अपघाती मृत्यूनंतर दोन लाख रुपयांची तरतूद आहे.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखालचे उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. 'जे मिळेल त्यातले इतके टक्के माझे' असे सांगणाऱ्या दलालाच्या कागदावर सही करू नका.

जयपूरच्या कागदांवरचे शब्द

राजस्थानात कागद हिंदीत मिळतात आणि काही शब्द आपल्या ओळखीचे नसतात. सही करण्यापूर्वी त्यांचा अर्थ समजून घ्या.

- थाना: पोलीस ठाणे.
- मर्ग: अकस्मात मृत्यूची नोंद. ती एफआयआर नव्हे. दोन्हींच्या प्रती मागा.
- नक्शा मौका: घटनास्थळाचा नकाशा आणि वर्णन, आपल्याकडच्या स्थळपंचनाम्यासारखे.
- चालान: दंडाची पावती, पण न्यायालयात दाखल होणाऱ्या दोषारोपपत्रालाही इथे चालानच म्हणतात.
- एफआर, अदम पता: आरोपी किंवा वाहन सापडले नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल. हा कागद हाती आला की लोक निराश होतात. पण अज्ञात वाहनाच्या भरपाईसाठी तोच उपयोगी पडतो. जपून ठेवा.
- उपखंड अधिकारी: आपल्याकडचे प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी.
- जन आधार: राजस्थानचे कुटुंब ओळखपत्र. आधार कार्डापेक्षा वेगळे.
- ई-मित्र: सरकारी अर्ज भरून देणारे केंद्र, आपल्याकडच्या आपले सरकार सेवा केंद्रासारखे.

पोलिसांनी अपघातानंतर ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. हा नियम २०२२ पासून आहे. 'पहिला अपघात अहवाल गेला का?' असे विचारण्यात संकोच करू नका. किरकोळ वाटणाऱ्या अपघाताचीही नोंद करा. डोक्याला मार लागलेला माणूस घरी चालत येतो आणि चार दिवसांनी कोसळतो, असे घडते. त्या वेळी ठाण्यात नोंद आणि रुग्णालयाचा पहिला कागद नसेल, तर मृत्यूचा अपघाताशी संबंध दाखवायला हाती काहीच उरत नाही.

आजच करण्यासारखी कामे

- बँकेत जाऊन विचारा की सुरक्षा विम्याचे २० रुपये या वर्षी खात्यातून गेले का. हे संरक्षण १ जून ते ३१ मे असते. मे महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो आणि घरात कोणाला कळतही नाही.
- खात्यावर आणि विम्यावर वारसाचे नाव लागले आहे का, ते तपासा. नावाचे स्पेलिंग आधारशी जुळते का, तेही पाहा.
- गाडीच्या विम्याची आणि परवान्याची शेवटची तारीख घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा.
- घरात दोन हेल्मेट ठेवा. आयएसआय खूण पाहा आणि पट्टा बांधा. न बांधलेले हेल्मेट धडकेच्या वेळी डोक्यावर राहत नाही.
- अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती गाडी देऊ नका. त्याच्या हातून अपघात झाला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.
- तुमच्या रस्त्यावर एकाच जागी वारंवार अपघात होत असतील तर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महामार्ग असल्यास १०३३ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. पुढे काही घडले तर 'कोणी सांगितलेच नव्हते' असे म्हणता येणार नाही.

योजनांच्या रकमा आणि मुदती बदलू शकतात. अर्ज करण्यापूर्वी संबंधित कार्यालयात किंवा ई-मित्र केंद्रावर खात्री करून घ्या. या लेखातले चार मार्ग एका कागदावर लिहून विम्याच्या पॉलिसीसोबत ठेवा, आणि तो कागद कुठे ठेवला आहे ते घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या.